तीन महिन्यांचा माणूस, बारा महिन्यांचं लायसन

यंदा मार्चअखेरीला आमच्या सीए साहेबांनी फोनवर एक साधा प्रश्न विचारला. "तुमच्या पगारपत्रकावर बावीस जण आहेत, मग सॉफ्टवेअरचं बिल एकतीस जणांचं कसं?"

मी अ‍ॅडमिनचं पान उघडलं. यादीत आमची बावीस नावं होतीच. त्याखाली होते 'टेम्प १', 'टेम्प २', 'टेम्प २ नवीन', 'ड्राफ्ट्समन कोल्हापूर', 'इंटर्न दिवाळी' असे आणखी नऊ. कोल्हापूरचा ड्राफ्ट्समन ऑगस्टमध्येच काम संपवून गेला होता आणि आता दुबईत नोकरी करतो. दिवाळीचा इंटर्न नेमका कुठल्या दिवाळीचा, हे आम्हा चौघांना मिळूनही ठरवता आलं नाही. या सगळ्यांच्या नावाने दर महिन्याला पैसे मात्र इमानेइतबारे जात होते.

मी पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात हिशेब आणि बाकीची उस्तवार बघते. अ‍ॅडमिनचं खातं माझ्याकडे आलं, कारण पासवर्ड मलाच आठवत होता. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नाही, नऊ जादा जणांचे पैसे भरून शिकलेल्या बाईचा आहे. पण असं फक्त आमच्याकडे घडत नाही. लग्नसराईत दोन व्हिडिओ एडिटर घेणारा स्टुडिओ असो, रिटर्नच्या हंगामात पोरं वाढवणारी सीए फर्म असो किंवा प्रोजेक्टपुरते प्रोग्रामर घेणारी कंपनी, माणूस येतो तीन महिन्यांसाठी आणि त्याचं सॉफ्टवेअर वर्षभर मागे रेंगाळतं.

विकत घेतलं म्हणजे नक्की काय घेतलं?

पूर्वी सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. सीडी घालायची, पाठीमागचा लांबलचक नंबर टाकायचा, आणि मग तो कॉम्प्युटर भंगारात जाईपर्यंत ते चालायचं. तात्पुरता माणूस आला की त्याला त्या कॉम्प्युटरसमोर बसवायचं, एवढंच.

चित्र बदललं ते साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. नकाशे काढायचं ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं थांबवलं. बाकीचेही त्याच वाटेने गेले. वर्गणी भरली की चालू, थांबवली की बंद. यालाच सबस्क्रिप्शन म्हणतात.

खरं तर खोक्यातलं सॉफ्टवेअरही पूर्णपणे आपल्या मालकीचं नव्हतं. लायसन म्हणजे वापरायची परवानगी, तीही अटींसकट. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सॉफ्टवेअरच्या पैशांवरच्या आयकराचा एक मोठा वाद निकाली काढला, तेव्हा हाच फरक मध्यवर्ती होता: ग्राहकाला वापराचा मर्यादित हक्क मिळतो, कॉपीराइट कंपनीकडेच राहतो. सबस्क्रिप्शनने त्या हक्काला एक संपण्याची तारीख जोडली.

पुण्यात शिकायला राहिलेल्यांना हे मेसच्या भाषेत पटकन कळेल. खोक्यातलं सॉफ्टवेअर म्हणजे स्वतःचा स्टोव्ह आणि कुकर. सबस्क्रिप्शन म्हणजे मेस लावणं. मेस लावताना पहिला प्रश्न भाजीचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, "काकू, खाडा धरता का?" गावाला गेलो त्या दिवसांचे पैसे वजा होणार की नाही? तात्पुरत्या माणसांच्या लायसनची निम्मी गोष्ट या एका प्रश्नात आहे.

पास, मंडळाची भांडी आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर

उरलेली निम्मी गोष्ट अशी की परवानगी नक्की कोणाला दिलेली आहे. याचे ढोबळ तीन प्रकार दिसतात.

पहिला, नावावरचं लायसन. हे लोकलच्या पाससारखं. पासावर तुमचं नाव आहे, तो भावाला देऊन चालत नाही, मग तुम्ही आज घरी झोपून का असेना. एका माणसाच्या अशा एका जागेला सीट म्हणतात. आज बहुतेक सगळं याच प्रकारात विकलं जातं.

दुसरा प्रकार मंडळाच्या भांड्यांचा. गावात मंडळाकडे पातेली, घमेली, परातींचा एक साठा असतो. ज्याच्या घरी कार्य असेल तो वहीत नाव घालून नेतो, धुऊन परत आणतो. शंभर घरांना मिळून चार मोठी पातेली पुरतात, कारण शंभर लग्नं एकाच दिवशी नसतात. तसंच पाच लायसन्स वीस जणांत फिरायची. एका वेळी फक्त पाच जणांनी उघडायचं. तात्पुरत्या माणसांसाठी याहून सोयीचं काही नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा ते फार दिवस टिकलं नाही. ऑटोडेस्कने ऑगस्ट २०२० पासून ही सामायिक लायसन्स मोडीत काढायला सुरुवात केली आणि एका सामायिक लायसनच्या बदल्यात नावावरची दोन देऊ केली. ज्या ऑफिसात एक लायसन तिघांत फिरत होतं, त्याला दोन घेऊनही एक कमीच पडलं.

तिसरा प्रकार कॉम्प्युटरवरचा. माणूस कोणीही असो, त्या मशीनवर बसलं की चालतं. आपल्याकडे हे टॅलीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे: सिल्व्हर एका कॉम्प्युटरवर, गोल्ड ऑफिसच्या नेटवर्कवर अनेकांना. रिटर्नच्या हंगामात आलेल्या पोराला टॅलीच्या कॉम्प्युटरवर बसवताना लायसनचा विचार कोणी करत नाही, आणि करायची गरजही नसते. आपली सवय इथली आहे. तीच सवय आपण पासाच्या जगात घेऊन जातो आणि तिथे फसतो.

खाडा धरतात का?

आता पैशांचा भाग. इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळे बुडतात ते इथेच.

बहुतेक कंपन्या दोन तऱ्हेने विकतात. वर्षाचा करार, त्यात दर कमी पण मध्ये माणसं कमी करता येत नाहीत. किंवा महिन्याचा करार, दर चढा पण पुढच्या महिन्यात सीट सोडता येते. गोंधळ होतो तो तिसऱ्या रूपामुळे: वर्षाचा करार, पैसे मात्र दर महिन्याला. बिल महिन्याला येतं म्हणून आपल्याला वाटतं करारही महिन्याचाच आहे. तसं नसतं. ते वर्षाच्या कर्जाचे हप्ते असतात.

मायक्रोसॉफ्टचं, म्हणजे वर्ड, एक्सेल आणि मेलच्या वर्गणीचं, उदाहरण घेऊ. त्यांच्या २०२२ पासूनच्या व्यवस्थेत सीट घेतल्यावर परत करायला ७ दिवस मिळतात. आठव्या दिवसापासून ती मुदत संपेपर्यंत तुमच्या गळ्यात. वर्षाचा करार असेल तर वर्षभर. महिन्याच्या करारावर घेतली तर दर सुमारे २० टक्के जास्त. ऐकून वाटतं, वीस टक्के म्हणजे लूट आहे. जरा बेरीज करून बघा. सोपा आकडा म्हणून वर्षाच्या करारात सीट महिन्याला १,००० रुपये धरा. मग महिन्याच्या करारात ती १,२०० ला पडते. तीन महिन्यांच्या माणसासाठी महिन्याचा करार केला तर खर्च ३,६००. 'स्वस्त' वार्षिक सीट घेतली तर १२,०००. दोन्ही बरोबरीत येतात ते दहाव्या महिन्याला. म्हणजे माणूस दहा महिन्यांपेक्षा कमी थांबणार असेल आणि त्याच्यामागे ती सीट वापरणारं कोणी नसेल, तर महागडा दरच स्वस्त. आमच्या नऊपैकी सात सीटा वार्षिक होत्या. घेताना मीच सरांना अभिमानाने सांगितलं होतं की वीस टक्के वाचवले.

'त्याच्यामागे वापरणारं कोणी नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे. सीट वर्षभर रिकामी राहणारच नसेल, एक गेला की दुसरा येतोच अशी रांग असेल, तर वार्षिक सीट घेऊन ती पुढच्याच्या नावावर करणं उत्तम. माणूस काम सोडून गेला की सीट दुसऱ्याला देता येते. फक्त सोमवारी याला, मंगळवारी त्याला असं चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अटींत एकदा दिलेली सीट ९० दिवसांच्या आत उगाच फिरवायला मनाई आहे. कोणी रजेवर असेल तर तेवढ्यापुरती सवलत मिळते. पास भावाला द्यायचा नाही, तो हाच नियम.

गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे ऑफिसांसाठीच्या गूगलच्या मेल आणि ड्राइव्हमध्ये, लवचिक आणि वार्षिक असे दोन पर्याय आहेत. लवचिकमध्ये माणसं महिन्याच्या मध्येही वाढवा-कमी करा. वार्षिकमध्ये वाढवता केव्हाही येतात, कमी करायला नूतनीकरणाची वाट बघावी लागते. चढायला जिना, उतरायला नाही.

अ‍ॅडोबीच्या वैयक्तिक वार्षिक योजनेत, दरमहा पैसे भरत असलात तरी, पहिल्या १४ दिवसांनंतर सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात, असा नियम अमेरिकेत गाजला. जून २०२४ मध्ये तिथल्या सरकारने अ‍ॅडोबीवर खटला भरला. आरोप असा की हा दंड ग्राहकाला नीट दिसेल असा सांगितला जात नाही आणि बाहेर पडायची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे. तेव्हा हा घोळ फक्त आपल्या अडाणीपणाचा नाही, एवढं समाधान मानायला हरकत नाही.

चौथी तऱ्हाही हल्ली दिसते, ती म्हणजे कूपनं. मेसमध्ये महिना न लावता जेवणाची कूपनं घेतात तशी. ऑटोडेस्कने २०२१ मध्ये फ्लेक्स नावाने टोकन आणली. ऑटोकॅड एका दिवसासाठी उघडलं की ७ टोकन, इमारतीचं मॉडेल बनवायचं रेव्हिट उघडलं की १०. महापालिकेने काढलेल्या त्रुटी सुधारायला महिन्यातून चार दिवस येणाऱ्या माणसासाठी हे २८ टोकनांत भागतं. पण तोच बावीस दिवस येऊ लागला तर १५४ जातात, आणि मग सरळ महिन्याची सीट घेतलेली बरी. कूपनाचा स्वभावही ध्यानात ठेवा. फाइल नुसती बघायला पाच मिनिटं उघडली तरी पूर्ण दिवसाची टोकनं कापली जातात, आणि न वापरलेली वर्षभराने बाद होतात. बघण्यापुरतं ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे. ते आधी कॉम्प्युटरवर बसवून द्या.

मग एकच आयडी तिघांनी वापरला तर?

प्रत्येक ऑफिसात हा उपाय सुचवणारा एक हुशार माणूस असतो. आमच्याकडेही होता, आणि वर्षभर तसं चाललंही. त्याचं फलित म्हणजे दिवसातून पाच वेळा ऐकू येणारं वाक्य: "ताई, ओटीपी आला का?" मी बँकेत रांगेत उभी आणि तिकडे डेडलाइन माझ्या फोनमध्ये अडकलेली.

गैरसोय सोडा. मोठा तोटा असा की कोणी काय केलं याच्या नोंदी निरुपयोगी होतात. एका शुक्रवारी प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर कोणीतरी हलवलं. नोंदीत नाव एकच, वापरणारे तिघे. तिघांनीही "मी नाही" सांगितलं आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. दुसरं म्हणजे, त्यातला एक जण काम सोडून गेला की त्याच्या डोक्यातला पासवर्ड कोण काढून घेणार? बदलला तर बाकीचे दोघे अडतात, म्हणून कोणी बदलत नाही.

कायद्याचं विचाराल तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. नावावरची सीट वाटून वापरणं हा कराराचा भंग आहे. कंपनी खातं बंद करू शकते, फरकाचे पैसे मागू शकते. चोरटी, क्रॅक केलेली प्रत जाणूनबुजून वापरणं हा थेट गुन्हा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब मध्ये त्यासाठी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. "सगळेच वापरतात" हा बचाव त्या कलमात नाही.

त्याचं स्वतःचं लायसन आहे म्हणाला ना!

असेल तर सोन्याहून पिवळं. अनुभवी फ्रीलान्सरकडे स्वतःचं साधन असणंच रास्त आहे. गवंडी थापी घेऊन येतो, आपण आणून देत नाही. दर ठरवताना ते गृहीत धरा, म्हणजे तुमच्या डोक्याला सीटचा ताप नाही.

पण कसलं लायसन आहे, ते विचारा. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात, फक्त शिकण्यासाठी. त्यावर पैशाचं काम करायला परवानगी नाही. नुकतंच कॉलेज संपवून आलेल्या मुलाला यात काही चूक आहे हे माहीतच नसतं. कॉलेजातल्या सरांनीच तर कॉम्प्युटरवर घालून दिलं होतं.

आमच्याकडचा प्रसंग सांगते. बाहेरून करून घेतलेल्या एका ड्रॉइंगमधला जिन्याचा ब्लॉक, म्हणजे काढून ठेवलेला तयार तुकडा, आमच्या मुख्य फाइलमध्ये चिकटवला. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी प्रिंट काढली, तर कागदाच्या चारही कडांना विद्यार्थी आवृत्तीचा शिक्का! एका जिन्यामुळे अख्खी फाइल विटाळली होती. रात्री साडेअकरापर्यंत बसून आमच्या मुलांनी ती स्वच्छ केली. तेव्हापासून काम देतानाच्या पत्रात एक ओळ असते: कामासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर व्यावसायिक वापराच्या वैध लायसनचं असेल, त्याची जबाबदारी तुमची. त्याखाली सही घेतो.

माणूस एजन्सीकडून आला असेल तर सीट एजन्सीची की आपली, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारायचं. दोघांनीही घेतली असंही होतं, आणि दोघांनाही वाटलं समोरच्याने घेतली असंही होतं. दुसऱ्या बाबतीत माणूस पहिले तीन दिवस मोबाइल बघत बसतो आणि त्या तीन दिवसांचं बिल येतंच.

पाहुण्याला जेवायला ताट द्या, घराची किल्ली नको

प्रत्येक तात्पुरत्या माणसाला पूर्ण सीट लागतेच असं नाही. आम्ही सवयीने देत होतो. प्रत्यक्षात इंटीरियरवाल्या ताईंना फक्त एका प्रोजेक्टच्या गप्पा बघायच्या होत्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरना ड्रॉइंगवर शेरे लिहायचे होते.

अशांसाठी पाहुण्याचा प्रवेश असतो. ऑफिसातल्या गप्पांसाठीच्या स्लॅकमध्ये पैसे भरणाऱ्या प्रत्येक सदस्यामागे पाच पाहुणे फुकट, मात्र प्रत्येकाला एकाच चॅनलची, म्हणजे गप्पांच्या एकाच गटाची मुभा. त्याच पाहुण्याला दुसरं चॅनल दाखवलं की तो पूर्ण पैशांचा सदस्य होतो. डिझाइनच्या फिग्मामध्ये नुसतं बघणाऱ्याला पैसे पडत नाहीत. उलट प्रोग्रामर जिथे कोड ठेवतात त्या गिटहबच्या सशुल्क योजनेत बाहेरच्या प्रोग्रामरला 'बाहेरचा सहकारी' म्हणून घेतलंत तरी, खासगी कोड दाखवलात की तो सीट खातोच. नाव पाहुणा, हिशेब घरच्याचा. म्हणून शब्दावर न जाता बिलाच्या पानावरचा आकडा आधी आणि नंतर बघावा. मी आता तो सरळ फोटो काढून ठेवते.

आणि ज्याला महिनाभर फक्त तक्ते भरायचे आहेत, त्याला लिबरऑफिस चालतं का, हेही विचारून बघा. ते फुकट आहे आणि मराठी छान चालतं. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असलेल्या गुंतागुंतीच्या एक्सेल फायली मात्र तिथे नेऊन परत आणू नका. आम्ही एकदा नेल्या होत्या.

माणूस गेला, फायली कुठे गेल्या?

सीट वाचवायच्या उत्साहात सगळ्यात महागडी चूक होते ती इथे. बिलातला फालतू खर्च दिसला, की हात शिवशिवतात आणि आपण खातं उडवतो. मी सीए साहेबांचा फोन ठेवल्याठेवल्या दोन खाती उडवलीच होती.

खातं उडवलं की त्यातली मेल आणि फायली सोबत जातात, लगेच नाही तरी ठरलेल्या दिवसांत. गूगल वर्कस्पेसमध्ये उडवलेलं खातं परत आणायला २० दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवस. एकविसाव्या किंवा एकतिसाव्या दिवशी ग्राहकाने "ते जुनं इलेव्हेशनचं ड्रॉइंग पाठवा" म्हटलं की आपण फक्त हात चोळायचे.

उलटी चूकही आहे. घाबरून खातं उडवायचं नाही, नुसतं स्थगित करून ठेवायचं. गूगलमध्ये स्थगित खात्याचे पैसे पूर्ण पडतात. माणूस आत येऊ शकत नाही एवढंच. मायक्रोसॉफ्टमध्येही लॉगिन अडवल्याने सीट मोकळी होत नाही, ती वेगळी काढून घ्यावी लागते. आमच्या कोल्हापूरच्या ड्राफ्ट्समनचं हेच झालं होतं. दार बंद केलं, आत पंखा चालूच.

म्हणून क्रम ठरलेला हवा. आधी लॉगिन अडवायचं, शेवटच्या दिवशी संध्याकाळीच. मग फायलींची मालकी कायमच्या माणसाकडे द्यायची. मेल जपायची असेल तर मायक्रोसॉफ्टमध्ये ती पेटी सामायिक करता येते. ५० जीबीपर्यंत तिला सीट लागत नाही. मग सीट काढायची. खातं सर्वांत शेवटी. आणि वार्षिक करारात सीट काढली तरी बिल कमी होत नाही, ती फक्त पुढच्यासाठी मोकळी होते, हे सरांना आधीच सांगून ठेवायचं.

याहून बरं म्हणजे हा प्रश्न उगमातच मिटवणं. तात्पुरत्या माणसाने फाइल स्वतःच्या खासगी जीमेलवरून बनवून आपल्या फोल्डरमध्ये ठेवली तर मालक तोच राहतो. जाताना त्याने आपला ड्राइव्ह साफ केला की आपलीही फाइल गेली. त्याने मुद्दाम केलेलं नसतं, जागा संपली म्हणून केलेलं असतं. गूगलच्या सामायिक ड्राइव्हमध्ये फाइल संस्थेच्या मालकीची असते. बिझनेस स्टँडर्ड आणि वरच्या योजनांत ती सोय आहे. काम पहिल्या दिवसापासून तिथेच करून घ्यायचं.

फाइल हातात असली म्हणजे तिच्यातलं काम आपलं झालं, असंही नाही. हे मला फार उशिरा कळलं. नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं. पण कंत्राटावर आलेला फ्रीलान्सर नोकर नाही. त्याने बनवलेल्या लोगोचा, कोडचा, ड्रॉइंगचा पहिला हक्कदार सहसा तोच, आपण पूर्ण पैसे मोजले असले तरी. हक्क आपल्याकडे यायला कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईच्या ग्राहकासाठी काम असेल तर हा एक शब्द विसरून चालणार नाही. करार वकिलाकडून एकदा नीट लिहून घ्या, मग वर्षानुवर्षं तोच चालतो.

एवढ्याशा ऑफिसला एवढा उपद्व्याप कशाला?

मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळी यंत्रणा असते. माणसाचं नाव एचआरच्या यादीतून गेलं की सगळ्या सॉफ्टवेअरची दारं आपोआप बंद होतात. पण तिथेही कंत्राटी माणूस बऱ्याचदा एचआरच्या यादीत नसतोच; त्याचं बिल खरेदी विभागाकडे जातं आणि त्याचं जाणं फक्त त्याच्या टीमला माहीत असतं. दोष यंत्राचा कमी, बातमी पोचत नाही याचा जास्त.

आमच्याकडेही तेच होतं. माणूस कधी जाणार हे साइटवरच्या सरांना ठाऊक, सीट माझ्या हातात, कार्ड मोठ्या सरांचं. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमामुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास संदेश येतो, आणि एका वेळी १५ हजारांवर रक्कम असेल तर दर खेपेला मंजुरी द्यावी लागते. फार चांगला नियम. पण तो संदेश मोठ्या सरांच्या फोनवर जायचा, आणि मोठे सर तो "सॉफ्टवेअरचं आहे" म्हणून पुढे ढकलायचे. आता तो संदेश त्यांनी मला पाठवायचा, एवढीच सुधारणा केली.

दुसरं म्हणजे एक वही. खरोखरची, लांब रेघांची, हजेरीपटासारखी. एक्सेलही चालेल, पण माझी टेबलावर उघडी असते म्हणून इतरांना दिसते. तात्पुरता माणूस आला की एक ओळ. नाव, त्याला आणणारा कोण, कुठली सीट, कुठल्या करारावरची, फायली कुठे आणि जाण्याची तारीख. तारीख लिहिल्याशिवाय खातं उघडायचं नाही, हा एकच कडक नियम. "बघू, दोन-तीन महिने" असं उत्तर आलं तर मी तीन महिन्यांनंतरची तारीख टाकते आणि खात्याला तीच मुदत लावते. तारीख आली आणि माणूस अजून हवा असेल तर तो स्वतःच ओरडत येतो. गेलेला माणूस ओरडत येत नाही, म्हणून तर नऊ सीटा साचल्या होत्या.

यावर सरांची तक्रार अशी की ऐन कामाच्या मध्यात कोणाचं खातं बंद पडलं तर? पडतं कधी कधी. मागच्या महिन्यात मॉडेल बनवणाऱ्या मुलीचं सकाळी दहाला बंद झालं. ती माझ्या टेबलाशी आली. मी वहीत बघितलं, शेजारच्या सरांना हाक मारली, ते म्हणाले, "अगं, अजून पंधरा दिवस आहे ती." मी जुनी तारीख खोडली, नवी लिहिली, खातं चालू केलं. सव्वादहाला ती जागेवर परत होती. सरांनी मात्र ते पंधरा दिवस तिलाही तेव्हाच पहिल्यांदा सांगितले होते.